सिस्टरआत्याच्या चहावरची साय

सिस्टरआत्या भुताच्या गोष्टी वाचायची त्या भर दुपारी. मे महिन्यात बारा वाजले, गावातला रस्ता ओस पडला, कुत्री पाण्याच्या टाकीखाली जाऊन लोळली, की ती दार लोटून घ्यायची, खिडकीतल्या कूलरसमोर खुर्ची ओढायची, शेजारच्या स्टुलावर चहाचा कप ठेवायची आणि हातातली पुस्तिका उघडायची. रात्री भुतं वाचणाऱ्यांना ती कच्चं समजायची. "रातच्याले कोणीबी भेते," ती म्हणायची. "भर बाराले भेवाडून दाखवा, मंग मानतो." गोष्ट रंगात आली की ती उठून कूलर बंद करायची. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना आपल्या हाताने कूलर बंद करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. घरघर थांबली की खोलीत अशी शांतता पसरायची की छपराचा पत्रा तापून वाजलेला ऐकू यायचा. का बंद केला, असं मी एकदा विचारलं. कोणी येऊन राहिलं असलं तर ऐकू यायला नको का, एवढंच तिचं उत्तर.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वर्ध्याजवळच्या सेलू तालुक्यातल्या खेड्यांमध्ये तिने उभी हयात परिचारिकेची नोकरी केली. आमच्याकडे परिचारिकेला गाव सिस्टर म्हणतं, आणि गाव म्हणतं तेच हळूहळू घरही म्हणायला लागतं, म्हणून ती सिस्टरआत्या. यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा शेखर नागपूरला बँकेत लागला. निवृत्तीनंतर त्याच्याकडे न जाता तिने माझ्या वडिलांच्या भाजीच्या मळ्याला लागून दोन खोल्या बांधल्या. वांगी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, यांच्या वाफ्यांच्या कडेला ती राहायची आणि सकाळी जुड्या बांधायला भावाला हात द्यायची.

नोकरीत तिची भीती संपली होती. तिने बैलगाडीत बाळंतपणं केली होती, साप चावलेल्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन जीपची वाट पाहिली होती, कितीतरी जणांचे डोळे स्वतःच्या हाताने मिटले होते. या सगळ्याचा तिला अभिमान नव्हता. उलट निवृत्त झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला आता कशाचंच काही वाटत नाही, आणि ही गोष्ट तिला खुपायला लागली. "माणसाले थोडं भेव पाह्यजे वं," ती मला म्हणाली होती. "नाई तं सारं आळणी लागते." जिभेची चव गेलेला माणूस जसा लोणच्यापासून ठेच्यापर्यंत सगळं चाखून पाहतो, तशी ती भीतीच्या मागे लागली. दूरचित्रवाणीवरच्या भुतांना ती हसायची, कारण ती येण्याआधी वाजंत्री वाजते. तिला एकच गोष्ट हवी होती: आपल्याला खरोखर भेवाडणारी, एकदा तरी.

पहिली पुस्तिका मीच नेऊन दिली. वर्ध्याच्या एका पुस्तक प्रदर्शनात सांगलीकडच्या एका नवराबायकोने छोटं टेबल मांडलं होतं. घरच्या घरी छापायचं, हाताने दोऱ्याने शिवायचं, एका पुस्तिकेत एकच भयकथा, आणि प्रती मोजक्या. त्या संपल्या की पुन्हा छापायचं नाही. शेवटच्या पानावर पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक लिहिलेला. ते लोक त्याला चॅपबुक म्हणत, आत्या चोपडं म्हणायची. तळहाताएवढं ते चोपडं तिने उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा छापणार नाहीत हे ऐकलं आणि खूष झाली. "बरं करतेत. साऱ्या जिल्ह्याले मालूम असलं तं ते भूत कायचं? तो तं नगरसेवक झाला."

मग रीतसर वर्गणी सुरू झाली. सांगलीच्या जोडीकडून कळलं म्हणून बेळगावचे एक गृहस्थ सापडले, मग ठाण्याच्या दोन मैत्रिणी. पार्सलं वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला, माझ्या पत्त्यावर यायची, कारण कुरियरवाला मळ्यापर्यंत जात नसे, सेलूच्या बसस्टँडवरून फोन करून या घ्यायला म्हणायचा. मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते. माझं सगळं आयुष्य याद्यांवर चालतं आणि ते मला आवडतं. आत्याची यादी फ्रिजवर चिकटवलेली असायची: रक्तदाबाच्या गोळ्या, साखर, चहापत्ती, भूत. माझ्या नवऱ्याला ती यादी पाहून दरवेळी गंमत वाटायची. मला त्यात गमतीचं काही वाटत नसे. रविवारी सकाळी चारही वस्तू पिशवीत असल्या म्हणजे झालं.

त्या पुस्तिकांची पानं पुष्कळदा कडेला जोडलेली असत, वाचणाऱ्याने स्वतः कापत कापत पुढे जायचं. जाणकार मंडळी त्यासाठी हस्तिदंती सुरी वापरतात असं म्हणतात. आत्या सांभार कापायचा विळा वापरायची. विळा पदराला पुसायची, पान कापायची, वाचायची, पुन्हा पुसायची. तिच्या एकूण एक पुस्तिकेच्या कडा हिरवट झाल्या होत्या आणि पेटी उघडली की आधी कोथिंबिरीचा वास यायचा. नागपूरचे एक संग्राहक, निवृत्त इंजिनियर, एकदा मुद्दाम तिची पेटी बघायला आले. पांढरे हातमोजे घालून त्यांनी बेळगावची पहिली पुस्तिका उचलली, ती आपल्याला कुठेच मिळाली नाही म्हणाले, आणि पानांवरची हिरवी बोटं पाहून मटकन खाली बसले. ही पानं न कापता प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायची असतात, असं त्यांनी तिला हळुवारपणे सांगितलं. आत्याने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "मंग आतमधलं भूत गुदमरत नाई का?" जाताना त्यांना वांगी बांधून दिली. पुढे ते वर्षातून एकदा यायला लागले. हातमोजे दुसऱ्या खेपेपासून बंद झाले.

गोष्ट कशी झाली हे ती चहावरून ठरवायची. वाचायला बसताना कढत चहा शेजारी ठेवायचा. गोष्टीने धरून ठेवलं नाही, तर चहा गरम असतानाच पिऊन होतो. थोडं धरून ठेवलं, तर कोमट प्यावा लागतो. आणि खरंच भेवाडलं, तर कप तसाच राहतो आणि चहावर साय धरते. तिची मोजणी एवढी साधी होती. वाचून झालं की ती छापणाऱ्यांना कार्ड टाकायची: गोष्ट पावली, चहा गरमच पिला. किंवा: अर्ध्यावर कोमट झाला, पण मग ती हडळ बोलायला लागली आणि सारं बिघडलं. सांगलीच्या जोडीला सुरुवातीला हे लागलं असावं. पुढे त्यांना तिच्या कार्डाशिवाय करमेना. प्रदर्शनात भेटले की आधी हेच विचारायचे, सिस्टरचा चहा काय म्हणतो. चहा कोमट होण्यापर्यंत पुष्कळ जण पोहोचले. साय कोणाच्याच नशिबी नव्हती.

का नव्हती, हे तिने एकदा स्पष्ट सांगितलं. माझ्या फोनवरून, माझ्या देखत. सांगलीच्या बाई, ज्या स्वतः गोष्टी लिहायच्या, त्यांनी ताजी पुस्तिका कशी वाटली म्हणून विचारलं होतं. तिच्यातही पाऊस होता, विहीर होती, फणसाची झाडं होती आणि दिवे गेले होते. आत्या ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "बाई, आमच्याकडं फणस नाई, अन वर्षातले आठ मयने ऊन रायते," ती म्हणाली. "तेवढे दिवस आमच्या भुतानं काय मामाच्या गावाले जायचं?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. मग त्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुमच्या दुपारी काय असतं ते सांगा. आत्याने सांगायला सुरुवात केली आणि माझ्या फोनची बॅटरी संपत आली तरी ती थांबली नाही. लसीकरणाचा डबा खांद्याला लावून एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात चालत जाणं. दोन्ही बाजूंना उलंगलेली, वेचणी संपून वाळलेली कपाशी. वाऱ्याची वावटळ तेवढी हलणारी. बारा वाजता बाहेर पडू नको, बाहेरचं लागतं, असं म्हणून दारं लावून घेणाऱ्या बाया. आणि मे महिन्याच्या शेवटी एक वेळ अशी येते की सूर्य डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली शिरून दिसेनाशी होते. त्या घटकेला उभं राहायला तिला नेहमी चमत्कारिक वाटायचं, असंही ती बोलून गेली. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच हिवाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. नळी घातली, जाळी बसवली, आणि शेखरने हुकूम काढला. मीठ बंद, जिना बंद, भुतं बंद. त्याने मला फोन करून बजावलं की ताई, पार्सल आलं तर परस्पर परत पाठवायचं. मुलगा काळजीने बोलत होता, त्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण आत्याचं तोंड मी पाहिलं होतं. मीठ बंद झालं तेव्हा तिने मान हलवली होती. भुतं बंद झाली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली. "आता पयल्यापक्षा आळणी," ती पाठमोरीच म्हणाली.

तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांसाठी प्रश्नांची यादी नेली. किती चालायचं, भाताचं काय, गोळी जेवणाआधी की नंतर, आणि भयकथा वाचल्या तर चालेल का. शेवटच्या प्रश्नावर डॉक्टरांनी चष्मा काढला. आतापर्यंत वाचून कधी घाबरल्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, हीच तर त्यांची तक्रार आहे. डॉक्टर हसले, आणि बसून वाचा, गोळी चुकवू नका, इतकंच म्हणाले. मी ते शेखरच्या समोर त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शेखरला पटलं नाही. डॉक्टरले म्हणायले काय जाते, असं तो गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होता. मात्र त्याने पुन्हा फोन केला नाही, आणि फ्रिजवरच्या यादीत चौथी वस्तू परत आली.

मे महिन्यात सांगलीचं पार्सल आलं. मुखपृष्ठ नेहमीसारखं काळं नव्हतं, कोरं पांढरं होतं, डोळ्यांवर येईल असं. मी रविवारी ते पोचवलं. मंगळवारी मी शाळेत दाखल्यांच्या गठ्ठ्यात असताना दुपारी फोन वाजला. आत्या सहसा शाळेच्या वेळात फोन करत नसे. मी उठून व्हरांड्यात गेले.

"काय करून राह्यली वं?"

"काम. का गं, बरी आहेस ना?"

"साय धरली."

मला पटकन कळलंच नाही. मग ती हसायला लागली, लहान मुली तोंडावर हात धरून हसतात तसं. गोष्टीतली बाई बारा वाजता अंगणात उभी असते. सगळ्यांच्या सावल्या पायाखाली गेलेल्या असतात. तिची सावली मात्र दारातून आत चाललेली असते, घरात, पाळण्याकडे. बस, एवढीच गोष्ट. भूत नाही, किंचाळणं नाही. आत्याने सांगितलं की वाचता वाचता ती उठली, चप्पल न घालता बाहेर अंगणात गेली आणि पायाखाली पाहिलं.

"होती का?" मी विचारलं.

"होती. तळपाय भाजले, पण पाहून आली. आत येऊन पाह्यतो तं चहावर साय." मग ती म्हणाली, "छाती धडधडली वं. दुखली नाई, धडधडली. आता दुसरा चहा मांडला."

पुढच्या रविवारी गेले तर तो कप फडताळात जाळीखाली जपून ठेवलेला होता, साय वाळून कडेला चिकटलेली. मुंग्या होतील म्हणून मी धुवायला घेतला, तेव्हा तिने हात धरला आणि आधी नीट पाहून घे म्हणाली. सांगलीला तिने टाकलेल्या कार्डावर एकच शब्द होता: साय. त्या बाईंनी ते कार्ड छपाईच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं आहे.

त्यानंतरचं वर्षभर तिला सगळ्याला चव होती. बिनमिठाच्या वरणालासुद्धा. पावसाळ्यात ढग गडगडले की दचकायची आणि दचकल्याबद्दल स्वतःवरच खूष व्हायची. त्याच दिवसांत एकदा शेखर आणि मी दोघंही समोर असताना तिने आपल्या तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, सांगून टाकलं. आमच्याकडे तेरवीला आलेल्यांना वाटी, ताटली असं एखादं भांडं देतात. तिला ते नको होतं. "ज्याच्या घरी वाटी नाई असा कोणी हाये का आता?" ती म्हणाली. "माह्ये चोपडे वाटा. एकाले एक. अन निवडू देऊ नका, नाई तं ते इंजिनियर साहेब पेटीच घेऊन जाईन." शेखरने विषय बदलला. मी मनात लिहून घेतलं.

पुढच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ती झोपेतच गेली. सकाळी जुड्या बांधायला आली नाही म्हणून वडील बघायला गेले. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता.

तेरवीच्या आधी शेखर मला बाजूला घेऊन बोलला. तेरवीला भुताच्या गोष्टी वाटायच्या म्हणजे लोक काय म्हणतील, मामा, म्हणजे माझे वडील, काय म्हणतील, त्यापेक्षा स्टीलच्या वाट्या मागवू. मी त्याला सांगितलं की मामांना विचारून झालं आहे, आणि वाट्या सामानाच्या यादीतच नाहीत. यादी झाली की मी तिच्यात बदल करत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून मी यादी मिटून ठेवली.

मळ्याच्या कडेला मंडप घातला होता. जेवणं उरकली, तेव्हा उन्हं अगदी माथ्यावर होती. मी भाजीच्या क्रेटमध्ये पुस्तिका घेऊन रांगेने वाटत गेले. तेरवीला हरिपाठ किंवा गीतेचा अध्याय वाटायची पद्धत असल्यामुळे सगळ्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि कपाळाला लावल्या. शेजारच्या मळ्यातल्या एका आजोबांनी भक्तिभावाने डोळे मिटून नमस्कार केला, मग पहिलं पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि मग ते मनातच वाचायला लागले. तिच्या हातून जन्मलेल्या, आता स्वतः आया झालेल्या पोरी एकमेकींच्या खांद्यावरून वाचत होत्या. इंजिनियर साहेबांना ठाण्याची एक साधी पुस्तिका आली. त्यांनी ती उघडून वास घेतला आणि तशीच, पाकिटाशिवाय, शर्टाच्या खिशात ठेवली. पांढऱ्या मुखपृष्ठाची पुस्तिका मी शेखरच्या हातात दिली. निवडू द्यायचं नाही असं आत्या म्हणाली होती, आणि त्याला निवडायला मी दिलंच नाही.

मग चहा आला. कागदी कप खुर्च्यांच्या हातांवर, जमिनीवर, जागा मिळेल तिथे ठेवले गेले. बोलणं हळूहळू थांबलं. मंडपाच्या टोकाला भाड्याने आणलेला मोठा कूलर घरघरत होता. मी उठले आणि त्याचं बटन बंद केलं.

कोणी मान वर करून पाहिलं नाही. मंडपाचं कापड तापून ताणल्याचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने शेखर उठला. पुस्तिकेत बोट घालून, चप्पल तिथेच सोडून तो मंडपाच्या बाहेर उन्हात गेला, आईच्या अंगणात मधोमध उभा राहिला आणि त्याने खाली पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तळपाय उचलत, पोळल्यासारखा चालत तो परत आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याच्या छातीचं वरखाली होणं मला शर्टावरून दिसत होतं. त्याने कप उचलला आणि तोंडाशी नेता नेता थांबला.

"ताई," तो म्हणाला, "हे पाह्य."

मी पाहिलं. मग मी मंडपातल्या बाकीच्या कपांकडे पाहिलं, आणि दुसरा चहा मांडायला उठले.